निघाला का फोटो?

एप्रिल लागला की नांदेडच्या बसस्थानकावर गाद्या दिसायला लागतात. गुंडाळून सुतळीनं करकचून बांधलेल्या, मधून उशीचं एखादं टोक बाहेर डोकावणाऱ्या. गादीशेजारी बादली, बादलीत मग आणि चपला, बादलीची कडी धरून उभं असलेलं दहावी झालेलं लेकरू आणि लेकराकडे बघत उभी असलेली आई. ही सगळी वरात लातूरला निघालेली असते, क्लाससाठी. इतरांना ऋतू झाडांवरून कळत असतील, मला गाद्यांवरून कळतो. गादी दिसली की मग दिवसभर कुठंच धड बसवत नाही.

तशीही मी एका जागी बसणारी नव्हेच. ‘हिच्या पायाला भिंगरी हाय’ असं माझी माय येईल त्या पाहुण्याला सांगायची. आणि नशिबाची गंमत बघा, मी पोटासाठी काम करते ते लोकांना हलू न देण्याचं. इथल्याच एका खाजगी दवाखान्यात चौदा वर्षं मी एक्स-रे काढते. श्वास घ्या, रोखा, हलू नका, सोडा. दिवसभर हेच. पेशंट हलला की मी चिडते, आणि काचेच्या मागं उभी राहून स्वतः मात्र पायानं ताल धरलेला असतो. पण काम मला मनापासून आवडतं, हे सांगून टाकलेलं बरं. पुढं त्याचाच प्रश्न आहे.

यंदा गादी आमच्याच घरातून निघाली. मैत्री, माझी एकुलती एक लेक, लातूरला मुलींच्या वसतिगृहात राहून उन्हाळी बॅच करते आहे. खरे वर्ग जूनमध्ये सुरू होतील. तोवर मी काय ते ठरवायचं होतं. काय ते म्हणजे नोकरी सोडून दोन वर्षं लातूरला ‘रूम करून’ राहायचं की नाही. आमच्या भागात हे काही नवीन नाही. लेकराला डॉक्टर व्हायचं असेल तर आई तिकडं जाऊन एक खोली घेते, पहाटे उठून डबा करते, रात्री लेकरू झोपेपर्यंत जागी बसते, आणि बाप शनिवारी पीठ घेऊन येतो. नवरा म्हणतो, ‘‘तू ठरव.’’ तो ‘तू ठरव’ म्हणतो तेव्हा त्याचं ठरलेलं असतं. शेजारणी तर मी कधी निघणार एवढंच विचारतात. राजीनाम्याचं पत्र लिहून पर्समध्ये ठेवलं त्याला नऊ दिवस झाले होते. रोज दवाखान्यात जायची, पर्स कपाटात ठेवायची, आणि संध्याकाळी पत्रासकट परत आणायची.

अशात परवा मैत्रीचा फोन आला. म्हणाली, ‘‘मम्मी, आजीकडं तुझा तो जुना चंदेरी कॅमेरा हाय ना? तो घेऊन ये. इथं सगळ्या पोरी तसल्याच कॅमेऱ्यानं फोटो काढून राहिल्यात.’’

‘‘तुझ्या मोबाइलमध्ये काय कमी आहे?’’

‘‘मोबाइलचे लई साफ येतात. त्याला मजा न्हाई.’’

साफ फोटोला मजा नाही म्हणे. आम्ही ज्या फोटोंना रडलो, ते आता या पोरींना हवे आहेत.

मायचं घर आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून, विहाराच्या मागं. संध्याकाळी दवाखान्यातून तिकडंच गेले. माय ओट्यावर शेवग्याच्या शेंगा सोलत बसली होती. कपाटात, पोह्याच्या जुन्या डब्यात कॅमेरा सापडला, तो घेऊन ओट्यावर तिच्याजवळ बसले. येताना दोन पेन्सिल सेल घेऊन आले होतेच. ते घातले, कळ दाबली, आणि तो बारीकसा किंचाळत सुरू झाला. फ्लॅश भरतानाचा तो आवाज, डासासारखा वर वर चढत जाणारा. तो कानात गेला आणि मी नांदेडच्या ओट्यावर राहिलेच नाही.

त्या आवाजाला तुरीचा वास आहे. माझं बारावीचं वर्ष, जानेवारीपासून मेपर्यंतचे दिवस. लातूरला मायची आणि माझी खोली डाळमिलच्या वाऱ्याच्या वाटेवर होती. जानेवारीत नव्या तुरी आल्या की मिल रात्रंदिवस भरडायच्या आणि खिडकीच्या गजांवर पिवळी धूळ बसायची. वहीच्या पानावरून हात फिरवला की बोटं पिवळी व्हायची. एका जिन्याभोवती सहा खोल्या, प्रत्येक खोलीत एक आई आणि एक लेकरू, आणि प्रत्येक दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेलं वेळापत्रक. खाली एक नळ. मी पाचला उठायची, सहाला क्लास, मग कॉलेज, मग पुन्हा क्लास, आणि दिवेलागणीला परत. दिवेलागणी म्हणायची आपली रीत, दिवे काही लागायचे नाहीत. भारनियमनाचे दिवस होते. सहाला वीज गेली की नऊ वाजता यायची.

ते तीन तास कोणी कसे काढायचे, हा त्या जिन्याचा रोजचा प्रश्न होता. पोरं गच्चीवर कंदिलाभोवती पुस्तकं घेऊन बसायची. आया जिन्यावर येऊन बसायच्या, एकेका पायरीवर एकेक. मी गच्चीवरून जिन्यात, जिन्यातून रस्त्यावर, रस्त्यावरून परत गच्चीवर. पुस्तक उघडलं की अक्षरं मुंग्यांसारखी चालू लागायची. मामानं दिवाळीत पुण्याहून कॅमेरा आणून दिला होता, तो म्हणे मैत्रिणींच्या वह्यांचे फोटो काढून अभ्यास करायला. वह्यांचे मी चारच काढले. बाकी सगळे संध्याकाळचे.

कॅमेऱ्यावर चित्रं होती. विजेचं चित्र म्हणजे फ्लॅश. अख्ख्या गल्लीत वीज नव्हती, ती तेवढी माझ्या हातात होती. चंद्राचं चित्र लावलं की कॅमेरा बराच वेळ डोळे उघडे ठेवायचा. तो गच्चीच्या कठड्यावर ठेवून मी श्वास रोखून उभी राहायची, त्या वर्षात तेवढीच काय ती स्थिर. खालून जाणाऱ्या रिक्षांच्या फोटोत नुसत्या रेघा यायच्या. एकदा नांदेडची एसटी गेली तिचा फोटो काढला. गाडी आलीच नाही, दोन तांबड्या रेघा तेवढ्या कोपऱ्यापर्यंत गेल्या. मायला दाखवला तर ती त्या रेघांकडे बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, तिला कळलं नाही.

आणि तिसरं चित्र डोळ्याचं. मामानं बजावून सांगितलं होतं, ‘‘हा डोळा बंद करायचा नाही. बंद केलास की रात्रीच्या फोटोत माणसं लाल डोळ्यांची येतात, भुतासारखी.’’ मी तो डोळा कधीच बंद केला नाही. आणि त्या वर्षी मला एकाही माणसाचा धड फोटो काढता आला नाही.

आमच्याकडे फोटो ‘निघतो’. काढणारा काढतो हे खरं, पण विचारायची रीत अशी की, निघाला का? जणू तो आपल्या पायानं बाहेर पडतो. लोक फोटोला उभे राहायचे ते हात सरळ, हनुवटी वर, चेहऱ्यावर कोर्टात उभं राहिल्याचा भाव. हसा म्हटलं की एकदाच, ठरवून हसायचे. उजेड चमकला की ‘निघाला का?’ म्हणत तेही निघायचे. आणि फोटोत यायचं ते हे निघणं. शेजारच्या खोलीतल्या उदगीरच्या मावशी पदर नीट करून, मान ताठ करून बसायच्या. फोटोत त्या तळपाय खाजवताना दिसतात. सात फोटो आहेत त्यांचे, सातही तसेच. माझे वडील सरकारी जीपचे चालक. शनिवारी संध्याकाळी ज्वारीच्या पिठाची पिशवी घेऊन यायचे. ते तर परेडला उभे राहिल्यासारखे उभे राहत, आणि प्रत्येक फोटोत मनगटावरचं घड्याळ बघताना आलेत. मी वैतागून ओरडायची, हलू नका म्हणते ना. ते शपथेवर सांगायचे की हललो नाही. माझा विश्वास बसायचा नाही. सगळी माणसं माझ्यासारखीच झाली आहेत, कुणालाच दोन क्षण थांबता येत नाही, असं वाटून मी आणखी हैराण व्हायची.

माय मात्र हसायची. तिला हसायला सांगावं लागत नसे. नांदेडला आमच्या वस्तीत ती अकरा वर्षं बालवाडी चालवत होती. चाळीस पोरांसमोर सकाळी दहाला जी हसून उभी राहते तिला कॅमेऱ्याचं काय. रस्त्यानं जाताना कडेवरची लेकरं ‘ताई, ताई’ करून हाका मारायची तिला. माझ्या लातूरसाठी तिनं ती बालवाडी सोडली. कशी सोडली, कुणी काय म्हटलं, काही आठवत नाही मला. एके दिवशी गादी बांधली आणि आम्ही निघालो, एवढंच. लातूरला दुपारी अडीच-तीनला तिची सगळी कामं संपायची. मग ती ज्वारी निवडायची. वडील निवडलेली, दळलेली आणायला लागल्यावर थोडी अख्खी मागवून घ्यायची, आणि निवडलेली ज्वारी सुपात घेऊन परत निवडत बसायची. मी क्लासवरून यायची तेव्हा सुपातले हात चालूच असायचे. मी तिच्याकडे बघायची आणि पुस्तकाकडे बघायची. अभ्यासाला बसले की समोर ते सूप. मी उठून कॅमेरा घ्यायची.

हे सगळं आठवत मी त्या चिमुकल्या पडद्यावर एकेक फोटो पुढं सरकवत होते. कार्ड शाबूत होतं. आणि मग तो आला.

एप्रिलातल्या जयंतीची संध्याकाळ. मायनं पांढरी साडी आदल्या रात्री उशाखाली घडी करून ठेवली होती. तिला नांदेडला जायचं होतं. मिरवणुकीत तिची बालवाडीची पोरं लेझीम खेळणार होती. तिनं सोडली तरी पोरं तिचीच होती. माझी दुसऱ्या दिवशी सराव परीक्षा होती. सकाळी तिनं विचारलं, ‘‘तू राहशील का एक दिवस मावशीजवळ?’’ मी वही जरा जोरात आपटली. ती म्हणाली, ‘‘बरं, न्हाई जात.’’ संध्याकाळी वीज गेल्यावर ती पांढरी साडी नेसून, केसात फूल माळून जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर येऊन बसली. लांबून लातूरच्याच मिरवणुकीचे ढोल ऐकू येत होते. मी म्हटलं, माय, फोटो. ती छान हसली. कॅमेरा चमकला.

फोटोत ती हसत नाही. तिची मान रस्त्याच्या बाजूला वळलेली आहे, ओठ मिटलेले, आणि डोळे असे की कुणी बोलावलं तर चप्पल न घालता उठून जाईल. थकलेली म्हणावं तर थकलेली नाही. कंटाळलेली आहे, आणि थोडी रागावलेली. त्या वेळी मी हा फोटो बघून म्हणाले होते, ‘हललीस, गेला वाया.’ पुसून टाकायचा आळस केला म्हणून राहिला.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण मला अजूनही ते नीट सांगता येत नाही. माझा नंबर लागला नाही. थोडक्यात हुकला असं आम्ही सगळ्यांना सांगितलं. आम्ही गादी बांधून परत आलो. मायच्या बालवाडीवर दुसरी बाई लागली होती. माय घरी शिवणकाम करायला लागली. ती मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं असं मला कित्येकदा वाटलं आहे. तिला तिथं राहायचं होतं का, हे मी इतक्या वर्षांत तिला एकदाही विचारलं नव्हतं. भीती वाटायची. भीतीच, दुसरं काही नाही.

कॅमेरा चालतोय हे सांगायला मी ओट्यावरूनच मैत्रीला फोन लावला. म्हटलं, चालू आहे, पण सांगून ठेवते, यात माणसं हललेली येतात.

‘‘डोळ्याचं चित्र दिसतंय का त्याच्यावर?’’ तिनं विचारलं.

‘‘दिसतंय की.’’

‘‘मग हलणारच. डोळा चालू असला की तो दोनदा चमकतो, मम्मी. पहिला नुस्ता डोळे बारीक करायला. फोटो दुसऱ्याला निघतो. लोक पहिल्यालाच उठतात. इथं आमच्या खोलीत पण हेच होऊन राहिलंय.’’ आणि जेवायची घंटा झाली म्हणून तिनं फोन ठेवला.

वीस वर्षांचं कोडं या पोरीनं आमटी वाढायच्या आत सोडवलं. मला हसू आवरेना. म्हणजे कुणीच खोटं बोललं नव्हतं. वडील पहिल्या उजेडापर्यंत खरंच हलले नव्हते. मावशींनी बिचाऱ्यांनी सातही वेळा मान ताठ धरली होती. माझ्याकडे राहिले होते ते सगळे फोटो निघाल्यानंतरचे फोटो. मी लगेच वळून हे मायला सांगितलं. पहिला चमकायचा तो फोटो नव्हताच, खरा दुसरा, म्हणून तुम्ही सगळे फसलात.

माय शेंग सोलतच म्हणाली, ‘‘दोनदा चमकतंय ते मला पहिल्याच दिवशी कळलं व्हतं.’’

‘‘कळलं होतं? मग हलायचीस कशाला?’’

‘‘किती वेळ हसत बसू?’’

तिनं हे सहज म्हटलं. भाजीत मीठ किती घालू, तसं. मी खाली पायरीवर बसले. रस्त्यावरचे दिवे लागत होते, आता ते वेळेवर लागतात. कॅमेऱ्यातला पांढऱ्या साडीचा फोटो मी तिच्यापुढं धरला. तिनं चष्मा लावून तो जवळ घेतला, लांब धरला, परत जवळ घेतला.

‘‘लई बेजार दिसून राहिले,’’ ती म्हणाली. ‘‘जयंतीचा हाय.’’

‘‘माय, तुला नव्हतं का राहायचं तिथं?’’

निघालं तोंडातून. तिनं शेंगांच्या साली एका बाजूला केल्या. कुणावर आरोप नाही अशा आवाजात म्हणाली, ‘‘इचारलं कोणी? तुझ्या बापानं गादी बांधली, मी डबे भरले. पण एक सांगू का, पोरी? तू काय पुस्तकाला भ्याली नव्हतीस. मला भ्यालीस. पुस्तकात बघायचीस अन् माझ्याकडं बघायचीस. मला दिसायचं की. म्हणून मी तोंड फिरवून बसायची.’’

ज्या घालमेलीला मी इतकी वर्षं माझा स्वभाव समजत आले, तिची अर्धी मुळं त्या सुपात होती, आणि ती मायला दिसत होती. डोळे भरून आले माझे. तिच्या ते लक्षात आलं, पण आम्हा मायलेकींत डोळे पुसायची पद्धत नाही.

‘‘दे इकडं ते,’’ ती म्हणाली. ‘‘तुझा काढते. बस तिथं, उजेडाकडं तोंड करून.’’

तिनं कॅमेरा दोन्ही हातांत धरला, ताटासारखा. डास किंचाळला, फ्लॅश भरला. ‘‘हस,’’ ती म्हणाली. मी हसले. दिवसभर पेशंटना हसून दाखवते तसं, पत्र पर्समध्ये असताना घरच्यांना हसून दाखवते तसं. पहिला उजेड चमकला.

‘‘तुला जायाचंय का लातूरला?’’ तिनं विचारलं.

आणि दुसरा चमकला.

आम्ही दोघींनी डोक्याला डोकं लावून तो पडद्यावर बघितला. माझी मान वळलेली होती. ओठ मिटलेले. डोळे दवाखान्याच्या रस्त्याकडे. हा चेहरा मी एवढ्यातच बघितला होता, पांढऱ्या साडीतला. मायनं बोटानं पडद्यावरची धूळ नसलेली काच पुसली.

‘‘निघाला का?’’ मी विचारलं.

‘‘निघाला.’’

पर्समधलं पत्र मी काढलं. फाडायला गेले तर माय म्हणाली, कागद कशाला वाया घालवतेस, आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर तिनं साली गोळा केल्या. मला सुटल्यासारखं वाटलं नाही, खोटं का सांगू. उद्या मैत्रीचा नंबर हुकला तर सगळी बोटं माझ्याकडे वळतील, आणि त्यात पहिलं बोट माझं असेल. नवऱ्याला सांगायचं आहे. शेजारणींना सांगायचं आहे. पोरगी मेसची पातळ आमटी खाऊन दोन वर्षं काढणार आहे, आणि एखाद्या रात्री तिला ताप येईल तेव्हा मी दीडशे किलोमीटर लांब असेन. हे सगळं त्या ओट्यावर माझ्यासमोर येऊन बसलं होतं. तरी मला एक ठाऊक होतं. माझं सूप तिच्या पुस्तकासमोर ठेवायचं नाही.

जेवण झाल्यावर मैत्रीनं परत फोन केला. मी म्हटलं, ‘‘मी राहायला येणार नाही गं. दर शनिवारी येईन. नोकरी सोडणार नाही.’’

तिनं श्वास रोखल्याचं मला फोनवर कळलं. मग तिनं तो सोडला.

‘‘मला वाटलंच नव्हतं तू असं म्हणशील,’’ ती म्हणाली. रागावली की हलकी झाली, मला आवाजावरून कळलं नाही. चेहरा दिसत नव्हता. ‘‘कॅमेरा तरी घेऊन येशील ना शनिवारी?’’

‘‘आणते.’’

‘‘मग तो डोळा आत्ताच बंद करून ठेव. सगळे फोटो खराब करतो तो.’’

मी मायकडे बघितलं. ती ओट्यावरच्या दिव्याखाली बसून माझाच फोटो पुन्हा बघत होती.

‘‘नाही,’’ मी म्हणाले. ‘‘शनिवारी तुझा एक काढायचाय. तोवर राहू दे चालू.’’